साखळी खुंटीला, ऊन उतरेपर्यंत

भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या लाखनीत बदलीने येऊन राहिलेली तरुण जोडपी आता बरीच दिसतात. एक जण शाळेत, दुसरं बँकेत किंवा पंचायत समितीत. घरची माणसं नागपूरला, गोंदियाला नाहीतर त्याहून लांब. घरात दोघांच्या सोबतीला एक कुत्रा, कधी एखादं मांजरही. फाल्गुनापर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग ऊन चढतं, शाळांना सुट्ट्या लागतात, दोघांना हिंडायचा हुरूप येतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुक्या जिवाला घराबाहेर काढणं धोक्याचं होऊन बसतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांजवळ जातो. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा सुरू होतो. माणूस दुपट्टा बांधून, पाण्याची बाटली घेऊन निभावून नेतो. कुत्र्याला मात्र तुम्ही न्याल तिथे, न्याल त्या वेळी यावं लागतं. म्हणून मार्चच्या मध्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत घराचं घड्याळ त्याच्या सोयीने लावायला हवं. तुमचं फिरणं, लग्नकार्यं, सहली सगळं त्यात बसतं, फक्त वेळा आणि जागा बदलतात.

याचं कारण कुत्र्याच्या शरीरात आहे. आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या मुख्यतः पंजांच्या गाद्यांत. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा खरा मार्ग म्हणजे धापा टाकणं. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्यावरून हवा झपाट्याने खेळते, ओलावा उडून जातो आणि रक्त थंड होतं. आपल्या खिडकीतला कूलर हेच काम करतो. मग कूलर जिथे हात टेकतो तिथे कुत्राही टेकतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर छान गारवा देतो, पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आभाळ भरून आलं, हवा दमट झाली की त्याच कूलरसमोर आपण घामाने निथळतो. त्या दिवसांत पारा चार-पाच अंशांनी उतरलेला असतो, म्हणून लोक निर्धास्त होतात आणि कुत्र्याला दुपारी चारलाच बाहेर काढतात. कोरड्या 44 अंशांइतकीच दमट 38 अंशांचीही धास्ती बाळगा. अवकाळी पाऊस पडून गेल्यावर कडक ऊन पडतं तेव्हाही तसंच.

पग, शिह त्झू, बॉक्सर, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना नीट धापाही टाकता येत नाहीत. पर्शियन मांजराचं तेच. हस्की किंवा सेंट बर्नार्ड हे तर बर्फाळ प्रदेशासाठी घडलेले प्राणी. आपल्या झाडीपट्टीत ते पाळू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. नवीन पिल्लू आणायचं मनात असेल तर गावठी आणा. आखूड केस, लांब नाक, हलकं अंग ही या हवेतली ठेवण आहे. अर्थात गावठी कुत्र्यालाही ऊन लागतं, त्याला जरा उशिरा लागतं एवढंच.

फिरायला नेण्याच्या वेळा दोनच. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य वर येतो. त्याआधी निघावं आणि सातच्या आत घरी यावं. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नये, कारण दिवसभर तापलेलं डांबर आणि सिमेंट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. राष्ट्रीय महामार्ग 53 गावातूनच जातो, त्याच्या कडेचे सेवा रस्ते आणि गल्ल्यांमधले सिमेंट रस्ते संध्याकाळी सातलाही पोळतात. आपल्या पायात चप्पल असते म्हणून आपल्याला ते कळत नाही. रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवा आणि मनात सात अंक मोजा. हात उचलावासा वाटला तर तो रस्ता कुत्र्यासाठी नाही. त्यापेक्षा गावाबाहेरचा मातीचा रस्ता, शेताचा धुरा किंवा तलावाची पाळ धरा. धुऱ्यावरून जाताना हाती टॉर्च असू द्या. उन्हाळ्याच्या रात्री घोणस आणि मण्यार गारव्याला बाहेर पडतात, आणि कुत्रं नाक खुपसल्याशिवाय पुढे जात नाही. उन्हाळी धानाच्या बांध्यांतलं पाणी त्याला पिऊ देऊ नका. तिथे कीटकनाशकाची फवारणी झालेली असू शकते.

घरात गारवा कसा राखायचा हा भाड्याच्या घरांत मोठाच प्रश्न असतो. वरच्या मजल्यावर, उघड्या स्लॅबखाली दोन खोल्या घेतल्या असतील तर दुपारी तीनला ती भट्टी होते. घर निवडायची संधी असेल तेव्हा भाडं शे-पाचशे जास्त पडलं तरी तळमजला घ्या, आणि मागे सपरी असलेलं जुनं कवेलूचं घर मिळालं तर फारच उत्तम. वरच राहावं लागत असेल तर गच्चीला पांढरा चुना मारून घ्या, खिडक्यांना ओलं गोणपाट लावा आणि कूलरसमोरची एक खिडकी उघडी ठेवा. दारं-खिडक्या गच्च बंद केल्या की कूलरची ओली हवा घरातच कोंडते आणि तासाभरात घर दमट होतं. दोघंही कामावर जात असाल तर दुपारी वीज गेल्यावर बंद खोलीत प्राण्याचं काय होईल, याचा विचार सकाळी दाराला कुलूप लावण्याआधी करा. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवणं हा त्यावरचा सगळ्यात साधा उपाय. नुसती किल्ली देऊन भागत नाही, कुत्र्याची आणि त्यांची ओळखही आधी पक्की झालेली हवी.

कूलरचा आणखी एक धोका आपल्या भागात चांगला माहीत असूनही दुर्लक्षिला जातो, तो करंटचा. विदर्भात दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा धक्का लागून माणसं दगावतात. कुत्र्या-मांजरांना तर कूलरखालचा ओला गारवा आवडतो, ठिबकणारं पाणी चाटायलाही ती तिथेच जातात. ओलं नाक, ओले पंजे आणि लोखंडी पत्रा! कूलर लावण्याआधी मिस्त्रीकडून अर्थिंग तपासून घ्या. घराच्या मुख्य बोर्डावर गळती झाली की वीज तोडणारं आरसीसीबी बसवता आलं तर बसवाच. कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा. पिण्याच्या पाण्याचं भांडं कूलरपासून लांब, सावलीच्या कोपऱ्यात ठेवा.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एरवी कुत्र्याला दिवसाला किलोमागे 50 ते 60 मिली पाणी लागतं. म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याला जवळपास लिटरभर. उन्हाळ्यात त्याच्या दीडपट धरा. प्लास्टिकच्या वाडग्यापेक्षा मातीचं पसरट भांडं बरं, कारण त्यात पाणी गार राहतं आणि ते सहज लवंडत नाही. मांजराची गोष्ट वेगळी. ते मुळातच कमी पाणी पितं आणि नुसत्या कोरड्या खाद्यावर असेल तर उन्हाळ्यात लघवीचे त्रास उद्भवतात, बोक्यांना विशेष. घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवा आणि ओलं खाणं वाढवा. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो आणि होत नाही असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्या अवस्थेत एका दिवसात जीव जाऊ शकतो.

जेवण सकाळी लवकर आणि रात्री उशिरा द्यावं. दुपारी बिनमिठाचं पातळ ताक, काकडीच्या फोडी चालतात. वैनगंगेच्या रेतीतल्या वाड्यांवरून येणारं टरबूज कुत्र्यांना फार आवडतं; बिया आणि साल काढून थोडं द्यायला हरकत नाही. आंब्याच्या दिवसांत मात्र डोळ्यात तेल घालून राहा. रस काढून झाल्यावर कोयी टोपलीत टाकल्या की कुत्रा हमखास एक पळवतो, आणि गिळलेली कोय आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. कोयी झाकणाच्या डब्यातच टाका.

आपल्याकडे ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, ऊन लागलेल्याला कांद्याचा रस चोळतात, पाजतातही. माणसांचं माणसांपाशी. कुत्र्या-मांजरांना कांदा आणि लसूण विषारी आहेत, कच्चे असोत की शिजवलेले; रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. ऊन लागून आधीच निपचित पडलेल्या कुत्र्याला मायेपोटी कांद्याचा रस पाजला तर त्याच्या दुखण्यात भर पडते. तसाच ताप उतरवायला घरातली पॅरासिटामॉलची गोळी देण्याचा मोह होतो. मांजराला ती एक गोळीही मारून टाकू शकते.

खरंच ऊन लागलं तर काय करायचं, ते दोघांनीही आजच वाचून ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. 104 च्या पुढे गेलं की धोका, 106 च्या पुढे मेंदू, किडनी, आतडी बिघडू लागतात. थर्मामीटर नसला तरी लक्षणं दिसतात: थांबता न थांबणारी धाप, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, उलटी, जुलाब, झोकांड्या जाणारी चाल. अशा वेळी दवाखान्याच्या दिशेने गाडी पळवण्याआधी त्याला गार करा. सावलीत आणून पोट, काखा, जांघा आणि पंजे माठाच्या किंवा नळाच्या पाण्याने भिजवत राहा, समोर पंखा लावा. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो मिनिटाभरात तापतो आणि आतली उष्णता कोंडून धरतो. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवा, जबरदस्तीने तोंडात ओतू नका. साधारण 103 वर उतरलं की भिजवणं थांबवून डॉक्टरकडे न्या, आणि तरतरीत दिसू लागला तरी न्याच. आतली इजा कधी कधी दुसऱ्या दिवशी उघड होते.

डॉक्टर कोण, हेही मार्चमध्येच ठरवून ठेवायला हवं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचं बरंचसं काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचं असतं, पण लसीकरण आणि प्रथमोपचारासाठी तिथल्या डॉक्टरांशी ओळख करून घ्या, त्यांच्या वेळा विचारून ठेवा. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे, तो दोघांच्याही फोनमध्ये असू द्या. मोठ्या दुखण्याला नागपूर. सेमिनरी हिल्सचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 सालचं आहे आणि तिथल्या रुग्णालयात पाळीव प्राण्यांवर उपचार होतात. लाखनीहून रस्ता दीड-दोन तासांचा, म्हणून निघायचं ते पहाटेच.

आता फिरायला जाण्याविषयी. आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने बांधलेले हे मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव, आणि त्यांच्या जोडीला गावोगावच्या बोड्या. कुत्र्याला घेऊन जायला लाखनीतल्या जोडप्याला याहून चांगली जागा कुठे मिळायची नाही. पाळीवर मोहाची, आंब्याची जुनी झाडं असतात, पहाटे वारा असतो, पायाखाली माती. लांब जायचं झालं तर साकोली तालुक्यातलं शिवनीबांध आहे, भंडाऱ्याकडे रावणवाडी आहे. डब्यात पोहे घ्या, थर्मासमध्ये चहा, कुत्र्यासाठी घरचं पाणी आणि पसरट भांडं, आणि उजाडताना तिथे पोहोचा. इथे सावली आणि माती असल्याने एरवीच्या सातऐवजी आठ वाजता परतीला लागलात तरी चालतं, दोन तास मनसोक्त मिळतात.

तलावावर मात्र साखळी सुटता कामा नये. मेमध्ये पाणी आटून कडेला जो गाळ उघडा पडतो तो वरून वाळलेला आणि आतून भसभशीत असतो. पाण्याकडे धावणारं कुत्रं त्यात पोटापर्यंत रुततं. तलावांत धीवर बांधवांची मासेमारी चालते, त्यांची जाळी पसरलेली असतात. एका कुत्र्याच्या धुडगुसाने त्यांची सकाळची मेहनत वाया जाऊ शकते. तिथे जाळी ओढणाऱ्यांना आधी विचारावं, कुठून उतरू म्हणून. ते सगळ्यात सुरक्षित जागा दाखवतात. शिवाय हे टिटवीच्या विणीचे दिवस. ती घरटं असं बांधतच नाही, उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते, आपल्याला ती दिसतही नाहीत. डोक्यावर घिरट्या घालत टिटवी ओरडू लागली की समजा अंडी जवळ आहेत, आणि आल्या पावली मागे फिरा. हिरवट साय धरलेलं साचलेलं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नका. घरी आल्यावर साध्या पाण्याने अंग धुऊन कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहा. इथे एक सावधगिरी: कुत्र्यावर टाकायच्या काही गोचीडनाशकांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला प्राणघातक आहे. दोन्ही प्राणी घरात असतील तर औषध डॉक्टरांना विचारूनच आणा.

जंगलाचा विचार मात्र कुत्र्याला सोबत धरून करू नका. नागझिरा 1970 पासून अभयारण्य आहे. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, त्यात आपल्या जिल्ह्यातलं कोका अभयारण्यही येतं. साकोलीहून पिटेझरीचं फाटक जवळ असल्याने सुट्टीच्या दिवशी तिकडे जावंसं वाटतंच. पण अभयारण्यात पाळीव प्राणी नेता येत नाहीत, आणि फाटकाबाहेर कुत्र्याला गाडीत बसवून सफारीला जाणं तर साफ चूक. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा अठरा-वीस अंशांनी वाढतं. बाहेर 42 असेल तर आत साठ. काच चार बोटं खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

जंगलाच्या बाजूनेही ही बंदी योग्यच आहे. 2018 साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले, आणि त्या साथीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. नावातच कुत्रं असलेला हा आजार कुत्र्यांत सर्रास आढळतो. आपल्या कुत्र्याला डिस्टेंपरची लस वेळेवर देणं हे म्हणूनच नागझिऱ्यातल्या वाघ-बिबट्यांसाठीही केलेलं काम ठरतं. दोघांना जंगल पाहायचंच असेल तर प्राण्यांना विश्वासाच्या माणसाकडे ठेवून जा. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभागाचा निसर्गानुभव उपक्रम असतो. मचाणावर बसून चांदण्यात पाणवठा बघायचा तो अनुभव तरुणपणी एकदा घ्यावाच, फक्त ती रात्र कुत्र्याने अंगणात साखळीला काढता कामा नये.

कारण बिबट्या. उन्हाळ्यात आपण अंगणात, सपरीत खाटा टाकतो आणि कुत्रं बाहेर बांधलेलं असतं. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, जवळपास चाळीस टक्के, आणि त्याखालोखाल मांजरांचा. लाखनी-साकोलीच्या जंगलालगतच्या गावांत तुमचं घर असेल तर रात्री दोन्ही प्राणी दाराच्या आत घ्या. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. सासरी-माहेरी खेड्यावर मुक्कामाला गेलात तरी हाच नियम.

उन्हाळ्यात जोडप्याचं निम्मं बाहेर जाणं लग्नांना असतं. तिथे कुत्र्याला नेऊ नका. डीजे, फटाके, पंगतीत लोकांनी प्रेमाने टाकलेली मटणाची शिजलेली हाडं, गुलाबजाम, सगळंच त्याला बाधतं. मुक्काम करायची वेळ आली तर एक जण वरातीपर्यंत थांबेल आणि दुसरं रात्री परतेल, अशी वाटणी आधीच करून घ्या. नातेवाईक एकदा बोलतील, मग सवय होईल. चिखलदरा किंवा पचमढीचा बेत असेल तर त्यातून कुत्र्याला वगळा. दिवसभराचा तापलेला रस्ता, शिवाय दोन्हीकडे भोवती व्याघ्र प्रकल्पांचं जंगल. बदली झाली आणि रेल्वेने न्यायचंच झालं तर प्रथम श्रेणीत पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित असेल तरच कुत्रा सोबत बसू शकतो. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत जावं लागतं, आणि एप्रिल ते जून त्या पेटीत त्याला पाठवू नका. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर किंवा नागपूरला पार्सल कार्यालयात आधी चौकशी करा, तारीख पुढे ढकलता आली तर ढकला. स्कूटरच्या पायाजवळ उभं करून नेणं गावातल्या गावात चालतं, पण सकाळीच. ऊन खाल्लेल्या पत्र्यावर चार मिनिटांत पंजे भाजतात.

केस उतरवण्याविषयी सगळे विचारतात. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या अंगावर दुहेरी केस असतात, तेच त्यांना थेट उन्हापासून वाचवतात. वस्तऱ्याने गुळगुळीत करू नका. रोज विंचरून सुटलेले केस काढा, तेवढं पुरतं.

आणि आज संध्याकाळी कपाटातून लसीचं कार्ड बाहेर काढा. रेबीज, डिस्टेंपर, पार्वो आणि लेप्टोस्पायरोसिस यांपैकी कोणतीही तारीख मे-जूनमध्ये संपत असेल तर डॉक्टरांना विचारून ती नवतप्याच्या आधीच घेऊन टाका. पाऊस सुरू झाला की साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका वाढतो आणि गोचीडही बळावतात. भर दुपारी धाप लागलेल्या कुत्र्याला दवाखान्यात नेण्यापेक्षा एप्रिलमधल्या सकाळी साडेसातला नेलेलं त्याला सोसतं.